गोड : नाही

किसन आबा उकळत्या काहिलीच्या कडेला उभ्या उभ्या झोपले, तेव्हा मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होते. काकवी न्यायला डबा घेऊन गुऱ्हाळावर गेले होते. भर दुपारची वेळ. चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस रटरटत होता आणि आबा लांब दांड्याचं फावडं हातात धरून तो ढवळत होते. बघता बघता त्यांची हनुवटी छातीवर आली. फावडं थांबलं. ते अवाढव्य अंग हळूहळू पुढं, वाफेकडं, कलायला लागलं.

चुलवाणात चिपाडं घालणाऱ्या गणपानं झेप घेतली आणि मागून त्यांचं धोतर गच्च धरलं. आबा दचकले, म्हणाले, "काय रं? आला का पाक?" आणि परत ढवळायला लागले. सगळी माणसं हसली. रोजचंच होतं म्हणे. माझ्या हातातला डबा मात्र खाली पडला होता.

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. कराडच्या एका खासगी दवाखान्यात मी सिस्टर होते, ऑपरेशन थिएटरात उभी राहायचे, रक्ताला कधी घाबरले नाही. पण ज्या माणसाला आपण ओळखतो, तो टेबलावर असला की माझ्यानं आत पाऊल टाकवत नाही. आणि आबांना तर मी परकरात असल्यापासून ओळखत होते. आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यात एक शेवग्याचं झाड आणि एक पडकं कुंपण, बास.

आबा गुळव्या होते. गुऱ्हाळाचा मालक कुणी का असेना, ऊस कुणाचा का असेना, पण रसाचा गूळ होतो तो गुळव्याच्या हुकमानं. रस कधी साफ झाला, वर आलेली मळी किती काढायची, रस निवळायला भेंडीचं पाणी किती घालायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, काहील चुलवाणावरून कधी ओढायची. दोन पळं आधी ओढली तर गूळ पाघळतो, दोन पळं उशीर झाला तर करपतो. त्या मधल्या क्षणाला आबा चमच्याएवढा पाक गार पाण्याच्या घमेल्यात टाकायचे, बोटांनी त्याची गोळी वळायचे, तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे. आणि मग जी हाळी द्यायचे, ती कृष्णेच्या पलीकडच्या रानात ऐकू जायची. "वढाऽऽ!" सहा माणसं बांबूला लोंबकळून काहील ओढायची. सांगलीच्या मार्केट यार्डात ढेप फोडली की नुसत्या रव्यावरून व्यापारी सांगायचे, ही किसन गुळव्याची.

आता गंमत बघा. असा हा माणूस गोडाला शिवत नव्हता. चहा कोरा, बिनसाखरेचा. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढायला आला की पानावर पालथा हात. होळीला हौसाकाकू, म्हणजे त्यांच्या बायको, पुरणपोळ्या करायच्या आणि आबा पिठलं-भाकरी खायचे. कुणी आग्रह केला तर ठरलेलं उत्तर असायचं, "गोड खाणारा गुळव्या म्हंजे पिणारा डायवर. त्येच्या गाडीत बसू ने." जीभ कोरी राहायला पाहिजे, नाहीतर तिला पाकातला फरक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. साऱ्या गावाला त्याचं कौतुक होतं. मलाही होतं.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे गुऱ्हाळात थुंकायचं नाही. तंबाखूच्या चंच्या बांधाबाहेर आंब्याला टांगून माणसं आत यायची. "हितं लक्षुमी शिजतीय, हितं थुका पडायचा न्हाई." एकदा मालकाचा मेव्हणा पुण्याकडनं आला होता, नवी सफारी घालून. त्याला काय ठाऊक? कोपऱ्यात पिचकन थुंकला. आबांनी फावडं गणपाच्या हातात दिलं, जाऊन त्याच्यापुढं उभे राहिले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पावनं, ती माती हातानं उचला आन् बांधापल्याड टाकून या." मालक तिथंच उभा, पण बोलायची टाप नाही. मेव्हण्यानं सफारीसकट खाली बसून ओल्या मातीची मूठ उचलली आणि मुकाट्यानं बांधापर्यंत चालत गेला. परत आल्यावर आबांनी स्वतः त्याच्या हातावर पाणी घातलं. "राग मानू नगा," म्हणाले, "आमाला पोटाला हीच घालती."

आणि पोट तर काय विचारता! आमच्या दवाखान्यातला वजनकाटा त्यांच्याखाली शेवटच्या आकड्याला जाऊन थडकला, तेव्हा त्यांना गुळाच्या काट्यावर बसवलं. तिकडच्या पारड्यात ढेपा. साडेचार ढेपा भरले. म्हणजे एकशे पस्तीस किलो. "आरं, आजून अर्धी ठिवा, लाजू नगा," असं तेच वरून म्हणत होते. खाणं बघाल तर दोन वेळेला दोन-दोन भाकऱ्या आणि कोरड्यास. हौसाकाकू कपाळावर हात मारून म्हणायच्या, "वारं पिऊन फुगत्यात जनू." लोक म्हणायचे, अंगाचंच हाय त्येंच्या, बापबी असाच हुता. मीही तेच म्हणायचे. सिस्टर असून! आज आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

पण झोप काही हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. माझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना नीट तपासलं. झोपेत आबांचा श्वासच थांबायचा, गळ्याभोवतीच्या चरबीनं वाट बंद व्हायची, म्हणून रात्रभर झोपूनही झोप व्हायची नाही आणि दिवसा कुठंही डोळा लागायचा. "हा माणूस एक दिवस त्या काहिलीत जाणार," डॉक्टर म्हणाले. त्यांनीच सांगितलं की पुण्यात एक सर्जन नवंच ऑपरेशन करायला लागलेत, पोटाला पट्टा बांधतात. आबांचा मुलगा मिलिटरीत होता, त्यानं बाकीची सोय केली. आणि त्यांना घेऊन जायचं काम आलं माझ्याकडं, कारण दवाखान्याची भाषा मला कळते ना! शहाणी पडले मी.

वैशाखात, गुऱ्हाळं बंद झाल्यावर, आम्ही पुण्याला गेलो. सर्जन तरुण होते, पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी कागदावर पोट काढलं आणि वरच्या बाजूला एक रेघ मारली. "इथं रबरासारखा पट्टा बसवायचा. वर एवढीशी पिशवी राहते, खाली सगळं पोट, मध्ये बारीक वाट. वरची पिशवी लगेच भरते, म्हणून भूक लवकर भागते."

"म्हंजे उतरंडच की," आबा म्हणाले. "वर बुळकं, खाली रांजण."

"बरोबर. आणि कातडीखाली एक बटण ठेवतो. त्यातून सुईनं पाणी घातलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. त्यासाठी पुन्हा पुन्हा यावं लागेल. आता नीट ऐका. ही जादू नाही. पट्टा घसरू शकतो. पोटाच्या आत रुतू शकतो. बटणापाशी पू होऊ शकतो. घास चावला नाही तर अडकतो, उलट्या होतात, आणि उलट्यांनी पट्टा आणखी घसरतो. तुमच्या बाबतीत तर भूल देण्यातच मोठा धोका आहे. झोपवणं सोपं, उठवणं अवघड."

हौसाकाकूंनी माझा दंड असा धरला होता की बोटं उमटली. आबा एकटे शांत होते. "मोकाट जनावराला दावं बांधायचं म्हना की," म्हणाले.

"आणखी एक. सगळ्यांना हा पट्टा लागू पडत नाही. ज्याची भूक भाकरी-भाताची, त्याला उपयोग. जो गोडधोड खातो, पातळ गोड पितो, त्याला मी पट्टा घालत नाही. विरघळणारं सगळं या वाटेनं खाली जातं. तो पट्ट्याला फसवतो आणि धोका मात्र सगळा अंगावर घेतो."

मग एक मोठा फॉर्म आला. खाण्यापिण्याची माहिती. आबांना वाचायचं जमायचं नाही, म्हणून पेन मी घेतलं. भाकऱ्या किती, भात किती, दारू, तंबाखू. मग आलं, गोड पदार्थ.

"गोडाला मी शिवत न्हाई सायेब," आबा छाती काढून म्हणाले.

"पुरनपोळीला सुदिक हात लावत न्हाईत," हौसाकाकू म्हणाल्या.

आणि मी, माझ्या वळणदार अक्षरात, लिहिलं, नाही. खोटं लिहितोय असं तिघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. सर्जनांनी विचारलं असतं, व्यवसाय काय, तर कदाचित उलगडलं असतं. पण त्या रकान्यात मी लिहिलं होतं, शेतमजूर. 'गुळव्या' असं लिहायची मला पुण्यात लाज वाटली.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना आत नेताना आबांनी पहिल्यांदा माझा हात धरला. तो हात गार पडला होता. तोवर मला वाटत होतं, हा माणूस भीतच नाही. "शालन," म्हणाले, "मला उठवत्याल न्हवं गं?" मी म्हटलं, "आवं आबा, उठवायला मी आहे की." आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. चार तास हौसाकाकूंचं एकच चाललं होतं. पदराचं टोक गुंडाळायच्या, उलगडायच्या. दार उघडलं की दोघी उठून उभ्या राहायचो. शेवटी भूलतज्ज्ञ बाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "उठलेत. गूळ कुणी ओढला म्हणून विचारतायत." मी हसले आणि तिथंच मटकन खाली बसले. गूळ हा शब्द कानावर पडूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

पावसाळा फार चांगला गेला. आबा ताकासारखं पातळ प्यायचे, मग मऊ भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. श्रावणात काट्यावर बसवलं तर चार ढेपा, घटस्थापनेला पावणेचार. आबा पोटावरचं बटण सगळ्यांना चाचपायला द्यायचे. "दाब की, दिवा लागतोय का बघ." बसल्या जागी पेंगणं कमी झालं. हौसाकाकूंनी माझ्या घरी वांग्याचं भरीत पाठवलं आणि सोबत निरोप, ही तुझी पुण्याई. मी मिटक्या मारत खाल्लं.

भीती मात्र माझ्या मानेवरून उतरली नव्हती. एका सकाळी काकू कुंपणातूनच ओरडत आल्या. आबांनी गप्पांच्या नादात भाकरीचा कडक पापुद्रा न चावता गिळला होता. छाती धरून वाकले होते, तोंडातून नुसती लाळ आणि फेस. वरून पाणी प्यायले, तेही परत आलं. मी त्यांना अंगणात हळूहळू चालवत राहिले, पाठ चोळत राहिले आणि मनात म्हणत राहिले, घसरला, घसरला. तासाभरानं आत काहीतरी उतरलं. आबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "दावं लय आखूड बांदलंय तुज्या डाक्टरनं." मला हसू आलं नाही.

दिवाळी झाली, गुऱ्हाळं पेटली. आणि महिन्याभरात काटा उलटा फिरायला लागला. चार ढेपा. मग चारच्या वर. काकू शपथेवर सांगायच्या, अर्धी भाकरी जातीया गं, ती बी कवा कवा परत येतीया. मला काही केल्या समजेना. एका सुट्टीच्या दिवशी मी गुऱ्हाळावर जाऊन बसले. सकाळपासून बघत होते, हा माणूस खातोय काय?

काही खात नव्हते. काम करत होते. काहिलीत नवा रस पडला की ऊस खारट रानातला आहे का बघायला घोटभर रस. मळी काढल्यावर झाऱ्यावरनं एक बोट. पाक दाटायला लागला की एक चाटण. आणि शेवटी ती गोळी. असं प्रत्येक काहिलीला, आणि दिवसाला चार-पाच काहिली. सगळं पोटात जात होतं, कारण थुंकायचं तर नाही, आणि गोळी तोंडात धरून हाळी देता येत नाही. घोटभर, बोटभर, गोळीभर. लहानपणापासून मी हे बघत आले होते आणि मला कधीच दिसलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं तो फॉर्म आला, आणि माझ्या अक्षरातलं ते 'नाही'.

दुसऱ्या दिवशी मी घरून एक वाटी नेली. म्हटलं, "आबा, आज जेवढं तोंडात घालाल, तेवढंच या वाटीत घाला. माझ्यासाठी." त्यांना वाटलं, पोरीला गूळ पाहिजे. रसाचा घोट तेवढा मी वेगळा तांब्यात घ्यायला लावला. संध्याकाळी वाटी दोनदा भरून वर शीग आली होती, आणि तांब्या गळ्याशी. मी ते दोन्ही त्यांच्यापुढं ठेवलं.

"हे काय आहे आबा?"

"चव."

"एवढी?"

"आगं, चव बघनं म्हंजे खानं व्हय?" ते चिडून म्हणाले. मग वाटीकडं बघितलं. परत बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, की मला वाटलं, उगाच दाखवली मी ही वाटी. "तीस वरसं," एवढंच म्हणाले.

चार दिवस त्यांनी जिभेवर काही ठेवलं नाही. नुसत्या बुडबुड्यांवर आणि बोटांवर काम चालवलं. चौथ्या दिवशीची काहील करपली. उभ्या आयुष्यात पहिली. मालक काही बोलला नाही, हेच त्यांना जास्त लागलं. पाचव्या दिवशी चव परत सुरू झाली. मी भांडले, काकू रडल्या. आबा म्हणाले, "जीभ न्हाई तर मला गुळव्या कशाला म्हनता? हमाल म्हना."

आणि मग ते झालं. हाळी द्यायच्या घाईत त्यांनी चिवट गोळी सबंध गिळली आणि ती त्या बारीक वाटेवर जाऊन बसली. उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. गोळी विरघळून गेली असेल, पण दुसऱ्या दिवशीही पाण्याचा थेंब ठरेना, आणि डाव्या बाजूला कळ. मालकाच्या जीपमधून आम्ही पुण्याला निघालो. खंबाटकीच्या वळणांवर आबा मागच्या सीटवर वेडेवाकडे पडलेले, ओठ कोरडे, डोळे आत गेलेले. घाट उतरल्यावर खंडाळ्याला जीप थांबवून मी त्यांची नाडी बघितली. नुसती पळत होती. काकू म्हणाल्या, "शालन, खरं सांग. हे वाचत्याल का?" मला खोटं बोलता येतं, पेशाच आहे माझा. पण त्या दिवशी जमलं नाही. मी ड्रायव्हरवर खेकसले, "बघताय काय, चला ना!"

सर्जनांनी सुई घालून पट्ट्यातलं पाणी काढलं, सलाइन लावलं, एक्स-रे काढले. दोन दिवसांनी आबा बसते झाले, तेव्हा त्यांनी आम्हाला समोर बसवलं. "वरची पिशवी ताणली आहे, पट्टा थोडा सरकलाय. नशीब म्हणा, परत येईल जागेवर. पुन्हा असं झालं तर पट्टा काढावा लागेल. आणि यायला उशीर झाला, पोटाचा रक्तपुरवठा तुटला, तर मी काही करू शकणार नाही. काय खाल्लं होतं?"

मी उभी राहिले. शाळेत चूक कबूल करायला उभं राहतात तशी. सगळं सांगितलं. रस, मळी, गोळी, वाटी. "फॉर्म मी भरला होता डॉक्टर. ते शेतमजूर नाहीत."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "हे कळलं असतं तर मी पट्टा घातलाच नसता," म्हणाले. मग आबांकडं वळले. "आता तीनच वाटा. धंदा सोडा. नाहीतर पट्टा काढून टाकू, मग वजन आणि झोप परत. नाहीतर चव घ्या आणि थुंकून टाका."

मी आणि काकूंनी एकदमच आबांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर माझं सरकारी नोकरीचं पत्र आलं, जतकडच्या एका आरोग्य केंद्रात. माघ महिना होता. ट्रंक एसटी स्टँडवर पाठवून दिली आणि जाताना वाट वाकडी करून गुऱ्हाळावर गेले. गणपा चुलवाणापाशी होता. मी हळूच विचारलं, "गणपा, थुंकतात का रे?"

"रस, मळी, चाटन, तिन्हीला बांधापल्याड जात्यात, चूळ भरत्यात, मागारी येत्यात," गणपा म्हणाला. "पर शेवटच्या गोळीला कुटला येळ मिळतोय? पाक काय थांबतोय व्हय? तवा काय करत्यात, देवाला ठावं. वाफंत दिसत न्हाई."

म्हणजे गिळतच असणार. तीच चिवट गोळी, तीच बारीक वाट, आणि आता धावायला मी जवळ नाही.

पाक दाटला. बुडबुडे मोठे झाले. सहा माणसं बांबूला येऊन उभी राहिली. आबा वाफेच्या पलीकडं होते, मी फिरून त्यांच्या अंगाला गेले. अंग उतरलं होतं, सदरा खांद्यावरून लोंबत होता. त्यांनी पाक घमेल्यात टाकला, गोळी वळली, तोंडात टाकली, डोळे मिटले. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होते. दुसरीकडं कुठंही नाही, फक्त गळ्याकडं. गणपा ओरडला, "आबा, चढला पाक!" आबांनी डोळे उघडले. बांधाकडं बघितलं. काहिलीकडं बघितलं. गळ्याची घाटी एकदा वर गेली.

आणि ते थुंकले. तिथंच, काहिलीपासून चार हातांवर, आपल्या पायापाशी. "वढाऽऽ!"

माणसं बांबूला लोंबकळली, काहील सरकली, पाक गार करायच्या वाफ्यात पडला आणि सोन्यासारखा पसरला. सगळ्यांनी बघितलं होतं. आबा खाली बसले. वर्षापूर्वी त्यांना असं बसताच आलं नसतं. ओल्या मातीची मूठ त्यांनी हातानं उचलली आणि सगळ्यांच्या देखत बांधापर्यंत चालत गेले, ती पलीकडं टाकली. परत आले तेव्हा मी तांब्या घेऊन उभी होते. त्यांच्या हातावर पाणी घातलं.

"रोज असंच?" मी विचारलं.

"रोज. परत्येक काहिलीला." त्यांनी धोतराला हात पुसले आणि माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, वाफेचं म्हणावं तर आता वाफ नव्हती. "गिळलं न्हाई गं पोरी. बगितलंस न्हवं? आता त्या डाक्टरच्या कागदावरचं खरं झालं बग तुजं. लिहून टाक, न्हाई."